‘बा’ म्हणजे बाप नव्हे

सोलापूर, रविवार

चिरंजीव प्रभु यास ईरप्पामामाचा भरपूर आशीर्वाद. सिद्धेश्वराच्या कृपेने आम्ही खुशाल आहोत (म्हणजे तब्येतीने, बाकीचं पुढे लिहितो). पुण्यात तुझं खाणंपिणं वेळेवर होतं ना?

पत्रास कारण तुमच्या कंपनीचं कार्टून. अचाट शक्तीच्या कुटुंबांच्या विनोदी कार्टुनांत कायम परदेशातलीच घरं उडतात, आता आपल्या माणसांनाही प्रतिनिधित्व मिळालं पाहिजे, असं तू म्हणालास. तुझ्या आजीने, म्हणजे आमच्या अव्वाने, ‘प्रतिनिधित्व’ एवढंच ऐकलं आणि कुठला वॉर्ड म्हणून विचारलं (पुढे बरेच दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होती). मग तू तिचे फोटो काढलेस, तिचं बोलणं टेप करून नेलंस, आणि आमची अव्वा, सिद्धम्मा, टीव्हीवर बोलणार हे गल्लीभर झालं.

गेल्या रविवारी सगळी गल्ली आमच्या टीव्हीपुढे बसली. पडद्यावर अव्वा आली. तेच इरकल लुगडं, तीच विभूती, नाकावरचा तीळही सोडला नाहीत. उडताना डोक्यावरचा पदर ढळला नाही, याचं मला फार बरं वाटलं. मग तिने तोंड उघडलं आणि आतून भलतीच बाई बोलली, शाळेत धडा वाचल्यासारखी. अव्वा म्हणाली, “तोंड माझं हाय की. बोलतंय कोण?” मी टीव्हीचा आवाज वाढवून पाहिला.

त्यात, संकट आलं की ती आजी “बा, धाव!” म्हणून ओरडते आणि तिचा मुलगा उडत येतो. अरे, आपल्या कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ‘ये’. अव्वा दिवसभर ‘बा’ म्हणते, ते मला, मांजराला, दारावरून जाणाऱ्या पोरांना. तुमच्या लोकांनी त्याचा बाप केला. शेजारचा चनबसप्पा जाताना विचारून गेला, की तुझी आई तुला बाप कधीपासून म्हणायला लागली. त्याला समजावता समजावता माझाच गोंधळ झाला.

खरी पंचाईत त्यानंतरची. आपलं बोलणं चारचौघांत ऐकवण्यासारखं नसणार, म्हणूनच बदललं, असं अव्वाने मनाशी धरलं. तेव्हापासून ती त्या बाईसारखं बोलते. सोमवारी “ईरप्पा, भोजन तयार आहे” असं आतून ऐकू आलं, तर कोणी पाहुण्या आल्या समजून मी सदरा चढवला. मांजर दुधाकडे फिरकत नाही. लोक अभिनंदन करतात, मी पेढे वाटतो, आणि अभिमान वाटावा की वाईट, ते कळत नाही. वाईटच वाटतं प्रभु. घरात आई आहे आणि आईचा आवाज नाही.

बाकी कार्टून छान आहे. चित्रं तर फारच सुरेख.

तुझा मामा,
ईरप्पा

ता.क. कार्टून बदलायला सांगू नकोस, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. फक्त तू टेप केलेला अव्वाचा आवाज मला मोबाईलवर पाठव. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी एक ता.क. पत्र अव्वाला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. मग स्वयंपाकघरातून म्हणाली, “तेवढा तीळ काडा म्हनावं. आन् प्रभुला लिव, ऊटक्क बा.” (ऊटक्क म्हणजे जेवायला. कंपनीत नीट सांग, नाहीतर त्याचाही काका करतील.) हाक तुला होती, पण ताटावर मी जाऊन बसलो. मांजरही आलं.