रविवारच्या मटणाची चरबी

अण्णा, आमचा कुत्रा गेला. तुम्ही त्याला पाहिलं नव्हतं. तुमच्यामागं कितीतरी वर्षांनी तो बदनापूरच्या घरी आला. पण हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. केदारखेड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही मलमपट्टी करणारे ड्रेसर होता आणि घरी आल्यावर चुलीपाशी बसून आपल्या तेव्हाच्या कुत्र्यासाठी पातळ ताकात भाकरी कुस्करायचा. एकदा मी माझ्या ताटातला तिखट रस्सा त्याच्यापुढं ओतला, तेव्हा तुम्ही माझा हात धरला. "लाड तू करून राह्यला, पण मुरडा त्याच्या पोटात येणार. मंग काय करशील?" दोन दिवस मी तुमच्याशी बोललो नाही.

माझ्या कुत्र्याचं पोट पिल्लू होता तेव्हापासून नाजूक. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, मऊ भात, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, थोडा भोपळा. नवीन काही द्यायचं तर हळूहळू. दहा वर्षं मी ते बराबर पाळलं. अलीकडं तो भाताकडं तोंड फिरवायला लागला. मला बघवेना. त्या रविवारी मटणाची काढलेली चरबी तव्यावर परतली आणि सगळी त्याच्यापुढं ठेवली. शेपूट हलवत त्यानं ताटली चाटून पुसून काढली. किती दिवसांनी घरात बरं वाटलं होतं!

सोमवारी एमआयडीसीतून परत येतो, तर तो अंगणात पाठीची कमान करून उभा. सारखी उलटी. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, तो कळवळला.

"काल काय खाल्लं यानं?"

"रोजचंच," मी म्हणालो.

ड्रेसरचा मुलगा मी. लाज वाटली. त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. मंगळवारी त्याला उभंच राहता येईना, तेव्हा मी खरं सांगितलं. डॉक्टरांनी त्याचं पोट पुन्हा दाबून पाहिलं.

"कालच सांगायचं होतं ना. स्वादुपिंडाला सूज आली असणार. या वयात इतकी चरबी झेपत न्हाई."

सलाईन लावलं. बुधवारी दुपारी माझ्या मांडीवरच तो गेला. शेवटी पाण्यालाही तोंड लावलं नाही. एका दिवसानं फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत न्हाई," ते म्हणाले. तेव्हापासून जेवण जात नाही, कामात लक्ष लागत नाही, आणि हे कधी सरेल असंही वाटत नाही.

हा कागद कुठं पाठवणार? घरात मी सांगितलंय, म्हातारपणानं गेला. मुलगी माझा हात धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याचं किती केलं!" आणि अण्णा, मी मान डोलावली.