शिवेची काठी

१० एप्रिल, मंगळवार

अँब्रोसनं शेवटी क्लाइव्हलाच फोन केला. यंदाची शिवेची फेरी – सगळ्या गावानं हद्दीवरून चालायचं ती – झाली की काठी त्याच्या हाती देणार. मला म्हणाला, "चॅल्डेकॉटांची काठी चॅल्डेकॉटांच्या रक्तातच राहायला हवी, नेट." रक्त म्हणे! क्लाइव्ह माझ्या आणि अँब्रोसच्या चुलतभावाचा मुलगा, राहतो रेडिंगला. मागे एकदा आला होता, तर शेतात चिखल आहे म्हणून गाडीतून उतरलाच नाही. आपल्या गावाची शीव कुठून कुठे जाते, त्याला काय कप्पाळ माहीत?

ब्रायडीला सगळी माहीत आहे. ती चार वर्षांची होती तेव्हा अँब्रोस आणि शीलानं तिला अनाथालयातून आणलं. आता त्रेपन्नची आहे. शीला गेल्यापासून बापाची औषधं, मेंढ्या, कुरकुर – सगळं तीच बघते. फोन चालला होता तेव्हा तिथेच कपबश्या विसळत होती. पाठ आमच्याकडे. कपबश्या केव्हाच विसळून झाल्या होत्या, तरी नळ चालूच.

मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. थोरल्या भावापुढे अजून माझी जीभ टाळ्याला चिकटते, वय अठ्ठ्याहत्तर झालं तरी. घरी येऊन फेरीच्या पुस्तिकेला बसले. गावातलं सर्वांत जुनं घराणं काठी घेऊन पुढे चालतं, म्हणून पहिलं पान आमच्या वंशावळीचं.

१३ एप्रिल

पाऊस. गुडघा. दिवसभर चहा.

१७ एप्रिल, मंगळवार

चर्चच्या आवारात साफसफाई. हिल्डा लोडर कोयता घेऊन आधीच हजर. लोडर म्हणजे गावातलं दुसरं जुनं घराणं, आणि हिल्डा ते मला विसरू देत नाही. "तुझे पूर्वज फारच पसरलेत गं. माझ्यांना पाय लांब करायला जागा ठेवली नाही."

उत्तरेच्या भिंतीलगत आयव्हीचे वेल ओढताना एक बुटका दगड निघाला. गुडघ्याएवढा. हिल्डानं ब्रशनं घासला, मी बोटांनी वाचलं. जोसाया, रॉबर्ट चॅल्डेकॉटचा मुलगा, वय वर्षं दोन. आणि ॲन, त्याची आई. दोघंही १७१२च्या फेब्रुवारीत.

जोसाया! आम्ही सगळे ज्याच्यापासून आलो तो जोसाया. दोन वर्षांचा असताना मेला तर आम्ही कसे?

"दुसरा झाला असेल," हिल्डा म्हणाली. बरोबर आहे. पहिला गेला की त्याचंच नाव पुढच्याला ठेवायची रीतच होती. त्यांच्या लोडरांत तीन सॅम्युएल गेले आणि चौथा टिकला, हे तिनं लगेच ऐकवलं.

पण आई तर त्याच दगडाखाली आहे.

१८ एप्रिल

झोप नाही. चूक माझीच. १७१०चा बाप्तिस्मा मिळाला, १७३५चं लग्न मिळालं, दोन्हीकडे नाव जोसाया चॅल्डेकॉट – जोडून मोकळी झाले. वंशावळ करणाऱ्या नवशिक्यांना मीच सांगते, आधी माणूस मेला का ते बघा. वा गं शहाणे.

२० एप्रिल

रॉबर्टनं दुसरं लग्न केलंच नाही. चर्चच्या नोंदीत विधुर म्हणूनच पुरलाय.

२४ एप्रिल, मंगळवार

बसनं डॉर्चेस्टरला, जुनी कागदपत्रं बघायला. मिळालं.

१७१४. शिवेवर टोपलीत एक तान्हं मूल सापडलं. ज्या गावाच्या हद्दीत सापडलं त्या गावानं पोसायचं, असा तेव्हाचा कायदा. मग काय, आपलं गाव आणि शेजारचं स्टोक, दोघांची जुंपली. मोजणी झाली. टोपली शिवेच्या दगडापासून दहा पावलं पलीकडे होती, म्हणजे स्टोकची. स्टोकवाले म्हणाले, तुम्हीच सरकवलीत. भांडण मिटेपर्यंत पोर तिथेच वाऱ्यात! शेवटी रॉबर्ट चॅल्डेकॉट म्हणाला, मी नेतो, कुणाचा खर्च नको. त्या वर्षी फेरीची काठी त्याच्याच हातात होती. पोराचं नाव त्यानं जोसाया ठेवलं.

बसमध्ये मी रडले. पुढच्या बाकावरच्या बाईनं न बोलता पुदिन्याची गोळी दिली.

२५ एप्रिल

ब्रायडी अंडी द्यायला आली. काठीचा विषय तिनंच काढला. "काठीचं मला काही नाही गं आत्या. बाबांनी क्लाइव्हला विचारलं त्याचंही नाही. मला विचारावंसं त्यांच्या मनातच आलं नाही, ते लागलं."

तिला सांगायचं अगदी ओठावर आलं होतं. पण आधी अँब्रोस. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, उभा जन्म त्या काठीवर मिरवला. हे ऐकून खचला तर? आणि नाही सांगितलं तर ही पोर नळ चालू ठेवून उभी राहणार, जन्मभर.

२९ एप्रिल, रविवार

सांगितलं.

दुपारचं जेवण झालं होतं, ब्रायडी मेंढ्यांकडे गेली होती. अँब्रोस रूबार्बच्या पुडिंगवर कस्टर्ड ओतत होता. मी सगळं एका दमात बोलले. तो ओततच राहिला, वाटी भरून वाहिली.

"म्हणजे मी स्टोकचा?"

"टोपली त्या बाजूला होती."

"देवा रे. स्टोकचा!" रक्ताचं राहिलं बाजूला, याला स्टोकचं दुःख!

टेबलावर सांडलेलं कस्टर्ड पुसलं. मग म्हणाला, "शिवेचा दगड कुठे आहे ते रॉबर्टला माहीत होतं ना?"

"काठी त्याच्याच हातात होती, अँब्रोस."

"मग पलीकडचं पोर चुकून नाही उचललं त्यानं."

"नाही."

टोपी घातली आणि बाहेर गेला. दारातून वळून म्हणाला, "पुस्तिकेत खरं तेच छाप. आता काठी लोडरांची." मी म्हटलं, "आणि ब्रायडी?" ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असावं. सांगायलाच नको होतं असं वाटलं मला. त्याला मोडून ठेवलं आणि तिच्या पदरात काहीच नाही.

४ मे

पुस्तिका छापून आली. क्लाइव्ह येत नाहीये. अँब्रोसनंच कळवलं, येऊ नकोस. कारण विचारलं तर म्हणे, गाडी लावायला जागा नाही. काठी घेऊन तो हिल्डाकडेही गेला होता. हिल्डा सांगत होती, "मी दारातूनच परतवला. म्हटलं, म्हाताऱ्या, घरी जा आणि नीट विचार कर."

६ मे, रविवार

फेरी झाली. स्टोकच्या बाजूच्या शिवेच्या दगडापाशी अँब्रोस थांबला. आमच्या घरातल्या लहान पोरांना या दगडावर बुडावर आपटायची रीत आहे, शीव जन्मभर लक्षात राहावी म्हणून. आम्हा दोघांना आपटलेलं. ब्रायडीला कधीच नाही. ती सहा वर्षांची होती तेव्हा, आपल्यातली नाही म्हणून, आमच्या वडिलांनी तिला बाजूला उभी केली होती आणि अँब्रोस काही बोलला नव्हता. आज त्यानं हाक मारली, "ब्रायडी, इकडे ये." काठी तिच्या हातात दिली. चौघांनी तिला उचललं, डावा पाय हिल्डानं धरला. ब्रायडी हसत होती, रडत होती, "अहो बाबा, माझं वय काय!" म्हणत होती. अँब्रोस म्हणाला, "जोरात आपटा. लक्षात राहायला हवं."