प्रतिध्वनीचा बंदोबस्त

१ जानेवारी १९६१, रविवार. वणी.
नवं वर्ष, नवी वही. ही वही कोणी वाचायची नाही, माझ्या बायकोने, नलूनेसुद्धा. संकल्प: बिडी बंद. पहाटे पाचला उठणे. रोज दहा इंग्रजी शब्द. आज साडेसातला उठलो, पण संकल्प उठल्यावर केला असल्यामुळे आजचा दिवस धरायचा नाही.

संध्याकाळी मुख्तारसेठनी त्यांच्या कापसाच्या जिनात बोलावलं. वडिलांच्या नावाने जिनाच्या मोकळ्या जागेत पक्का खुला रंगमंच बांधणार म्हणाले. वडील गाण्याचे मोठे शौकीन होते. त्याआधी २९ तारखेला नागपूरच्या इंदुताईंचं गाणं ठेवलंय. त्यासाठी मंचाची मांडणी ज्याला जमेल त्याच्याकडे रंगमंचाचं काम, आणि नावाच्या दगडावर ‘रचना’ म्हणून त्याचं नाव. मी लगेच हो म्हटलं. सेठ म्हणाले, अजून विचारलं नाही.

बावीस वर्षं शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांकडून आंबा आणि लोटा काढून घेतोय. गावात आपलं काहीतरी उभं राहावं आणि त्यावर आपलं नाव असावं, असं फार वाटतं.

४ जानेवारी.
नागपूरहून थिएटर बांधणीचं इंग्रजी पुस्तक मागवलं होतं, ते आलं. पहिली तीन प्रकरणं वाचली. उरलेली आठ साधारण तशीच असणार.

मुख्य मुद्दा: एको, म्हणजे प्रतिध्वनी, हा गायकाचा शत्रू नंबर एक. त्याला मारल्याशिवाय गाणं नाही.

५ जानेवारी. दुपारी.
जिनातल्या टिनाच्या शेडची पाहणी केली. मधोमध उभा राहून स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं. तीन वेळा परत आलं. बरं वाटलं, पण शास्त्राप्रमाणे हा दोष आहे.

जिनाचा गवंडी डोमाजी मुनेश्वर तिथेच होता. जिनातली सगळी बांधकामं त्याच्या हातची. चार वर्षांपूर्वी बौद्ध झाला, तेव्हापासून कुठेही सही करताना नाव-आडनाव पूर्ण लिहितो. तो शेडमध्ये टाळी वाजवून आला, मग बाहेर जाऊन बैलबंड्यांतून कापूस उतरवायच्या ओट्यावर टाळी वाजवली. ओट्याच्या मागे जिनाची उंच विटांची भिंत आहे. म्हणाला, “मास्तर, गानं इथं ठेवा. मांगं पक्की भिंत पाह्यजे. आवाज तिले टेकून पुढं जाते.”

मी त्याला समजावलं की आवाज टेकत बिकत नाही, त्याच्या लहरी असतात. शिवाय त्या ओट्याला बैल बांधतात. तो हसला आणि पाटी उचलून गेला. शिक्षण नसलं की असं होतं.

८ जानेवारी, रविवार.
सुचलं! पुस्तकात लिहिलंय, मऊ वस्तू प्रतिध्वनी शोषतात. परदेशात त्यासाठी जाड पडदे लावतात. आपल्याकडे जिनात कापसाच्या चारशे गाठी पडून आहेत. म्हणजे जे परदेशाला विकत आणावं लागतं ते वणीत आयतं आहे, आणि आजवर एकाच्याही लक्षात आलं नाही. तीन बाजूंनी गाठींच्या भिंती, खाली गाठींचाच मंच. उंची सहा फूट, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या बाईलाही गायिका दिसेल.

नलूला नकाशा दाखवला. तिने विचारलं, एवढ्या कापसात गाणं ऐकू येईल का. गादीखाली ठेवलेलं गजराचं घड्याळ आपल्याला ऐकू येत नाही, म्हणाली. हा अगदी वेगळा विषय आहे. (पाचला उठणं बंद. घड्याळाचा दोष.)

१६ जानेवारी.
मोहिउद्दीन भोंगेवाला आला होता. लग्नं, उरूस, सभा, सगळीकडे त्याचाच भोंगा. त्याला स्वच्छ सांगितलं की खऱ्या आर्किटेक्चरला भोंगा लागत नाही. तो म्हणाला, नाही लागला तरी गाडीत ठेवून आणतो. मी म्हटलं, आणायचाच नाही. फार लागलं त्याला. मोठ्या कामात माणसं दुखावतात.

इंग्रजी शब्द आजवर सहा. त्यातला एक एको.

२२ जानेवारी, रविवार.
गाठी रचायला सुरुवात. हमाल म्हणाले, हंगामात गाठी पाठवायच्या असतात, मांडायच्या नसतात. सेठनी डोळ्यांनी खूण केली तेव्हा हलले.

जिनाच्या मुनीमजींची अट: कापूस आहे, तेव्हा आत गॅसबत्ती नाही, बिडी नाही, काडी नाही. म्हणून गाणं दुपारी साडेतीनला. हरकत नाही. बिडीबंदीचा माझा संकल्प आता सगळ्या गावाला लागू झाला. मी बाहेर जाऊन दोन ओढल्या, पण त्या विचार करण्यासाठी.

२८ जानेवारी.
सुतळ्या बांधून हिशेब केला. सर्वोत्तम जागा: तिसरी रांग, मध्यापासून डावीकडे दुसरी. तिथे मी बसणार. आत उभा राहून परत स्वतःचं नाव घेतलं. एकदाही आलं नाही. शत्रू मेला!

उद्या लवकर उठणे.

२९ जानेवारी, रविवार.
सगळं लिहून ठेवतो, कारण उद्या लोक भलतंच सांगतील.

लोक उदंड. राजूरच्या कोळशाच्या खाणीतलेही आले होते, शिफ्ट संपवून तसेच. पहिली अडचण किरकोळ: मंचाला जिना नव्हता. पुस्तकात जिन्याचं प्रकरण चौथं असावं. बंडी लावून इंदुताईंना वर चढवलं. साठीच्या बाई, चपला हातात घेऊन चढल्या. तबलजी चढताना शिंकला आणि पुढे शिंकतच राहिला.

भीमपलास सुरू झाला. ओठ हलताना दिसत होते. तंबोरा लावलाय हे बोटांवरून कळत होतं. मी मागे वळून लोकांना शांत राहा म्हणून खूण केली, तर लोक शांतच होते. अख्ख्या शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली नसती. पाचव्या रांगेतून एकाने विचारलं की बाई कधी गाणार. नलू बायकांच्या बाजूने माझ्याकडे बघत होती. मी बघितलं नाही.

वीस मिनिटांनी इंदुताई थांबल्या. मला जवळ बोलावून फार सौम्यपणे म्हणाल्या, “मास्तर, मला माझाच आवाज येत नाही हो. मी कशावर गाऊ?”

मी मध्यंतर जाहीर केलं. ते कार्यक्रमात नव्हतं.

बिडीवाले आधीच बाहेर ओट्यासमोर जमले होते. इंदुताईही चहाला तिकडेच गेल्या आणि ओट्यावर टेकल्या. बैल तिथेच. चहाचा पेला खाली ठेवून त्यांनी सहज, घसा मोकळा करायला म्हणून, एक सूर लावला. तो सूर आतपर्यंत आला नाही. पण फाटकापर्यंत गेला असावा, कारण फाटकाबाहेरची माणसं आत यायला लागली आणि शेडमधली बाहेर. बाईंनी तंबोरा मागवला. बैल सोडले. सतरंजी माझ्याच मंचावरून काढून नेली.

मी आत राहिलो. कोणीतरी राहायला हवं होतं. तिसरी रांग, मध्यापासून डावीकडे दुसरी. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नाही. बाहेर पूर्वी राग चालला होता म्हणे. नलूने घरी येऊन सांगितलं की सूर्य बुडताना बायांचे डोळे भरून आले होते. मी विचारलं, शेवटच्या बाईला गायिका दिसली का. ती म्हणाली, दिसायची गरजच नव्हती.

३० जानेवारी.
प्रतिध्वनी शून्य होता. याबद्दल कोणी बोलत नाही. दोष असलाच तर गाठी जास्त दाबलेल्या होत्या, किंवा कमी. शाळेत मुलांनी लोट्याऐवजी गाठ काढली. चांगली काढली होती, म्हणून मार्क द्यावे लागले.

बिडी परत सुरू. कारण लिहीत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार.
सेठनी बोलावलं. नवे कपडे घालून गेलो. नकाशाची गुंडाळी बरोबर. सेठ फार आदराने बोलले, चहा दिला, माझी मेहनत वाखाणली. रंगमंच होतोय. तोच ओटा, फक्त मोठा, मागे तीच भिंत, दोन्ही कडांना थोडी पुढे वळवलेली. काम डोमाजीकडे. दगडाऐवजी भिंतीवरच ठळक अक्षरात नावं लिहायची. गावात माझ्यासारखं अक्षर कोणाचं नाही, तेव्हा मी लिहावं अशी त्यांची इच्छा.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. घरी आलो. जेवलो नाही. नलूला सांगून टाकलं, सगळंच, बावीस वर्षांचंसुद्धा. तिने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, अक्षरं तरी लिहून या. तीपण उभीच राहतात.

१८ मार्च. सायंकाळी.
ओटा झाला. सकाळपासून शिडीवर होतो. वर सेठच्या वडिलांचं नाव, खाली ‘रचना: डोमाजी मुनेश्वर’. डोमाजीने एकच विनंती केली होती, आडनाव नावाच्याच मापाचं पाहिजे. तसंच काढत होतो.

लिहिता लिहिता भिंतीचं काम बघत होतो. वीट वीट ओळंब्यात. कडा नेमक्या वळवलेल्या. मैदानाच्या पार टोकाला जिनातली मथुराबाई आणि आणखी दहा-बारा बाया कापूस निवडत होत्या. फाटकाजवळ डोमाजी सेठना काहीतरी दाखवत होता. माझ्याजवळ चिटपाखरू नव्हतं. भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू, स्वतःशीच म्हणालो की गाढवा, तो बरोबर होता, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं, फक्त दगडावर तुझं नाव पाहिजे होतं.

मागे बायांचे हात थांबले. मी वळून पाहिलं. मथुराबाईने पदर तोंडाला लावला होता. सेठ फाटकाकडे बघत होते, जणू तिथे काही महत्त्वाचं लिहिलंय. आणि डोमाजी तिथूनच, आवाज जराही न चढवता, म्हणाला:

“मास्तर, सगळं साफ ऐकू येऊन राह्यलं.”

शिडीवरून उतरलो आणि थेट घरी आलो. मुनेश्वरमधला शेवटचा ‘र’ राहिलाय. उद्या जावं लागेल.