धरून सोडणारा नवरामुलगा

सौसर,
डिसेंबर १९५६

चि. सौ. नलिनीस अंबाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी तार आली म्हणून हे पत्र लिहिते आहे, एरवी लिहिलं नसतं. 'मुलाचा होकार आला का, कळवा' असं तू विचारतेस. उत्तर एका शब्दाचं आहे, पण तो शब्द मिळवायला मला जे करावं लागलं ते तारेत मावणार नाही, आणि इथल्या तारमास्तरांनी ते वाचावं अशी माझी इच्छाही नाही. तुझा गुडघा कसा आहे? मेथीचे लाडू खातेस की नुसते वळून डब्यात ठेवतेस? तुझ्या केशवरावांची कचेरी भोपाळला निघाली असं ऐकते. तुमचं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपलं सौसर मध्यप्रदेशातच राहिलं, आणि केशवराव म्हणे अजून मधेच उभे आहेत. त्यांना सांग, कुठल्या तरी एका राज्यात बसून घ्या, नाहीतर गुडघे त्यांचेही जातील. (हा विनोद नाही, सल्ला आहे.)

आता तू पाठवलेल्या मुलाविषयी. मोरेश्वर 'सरकारी खात्यात अधिकारी' आहे एवढंच तू कळवलं होतंस. खातं कुठलं, हे लिहायला तुझी शाई संपली असावी. तो आला तेव्हा त्याच्या खांद्याला कातड्याची एक लांब नळी होती. बापूजीला वाटलं तीत नव्या राज्याचा नकाशा आहे. (आपला भाऊ मुलीचा बाप झाला, संत्र्याच्या बागेचा मालक झाला, पण समोरच्याला आधी बसू द्यावं हे अजून शिकला नाही.) त्यानं दारातच विचारलं, "आमची बाग कोणत्या बाजूला गेली, साहेब?" मुलगा म्हणाला, "ही गळाची काठी आहे." त्याचं खातं मासळीचं आहे हे आम्हाला असं कळलं. आपल्या घरात मासा येतो तो पंचांगातल्या मीन राशीपुरता. बापूजीचा चेहरा उतरला. पण नोकरी कायम आहे, पुढे पेन्शन आहे, म्हणून त्यानं तो मासा मनातल्या मनात गिळला.

गिळणं भागच होतं. प्रतिभाला याआधी दोन नकार आलेले आहेत, एक रंगामुळे आणि एक इंटर पास झाल्यामुळे. हाही जमला नाही तर माघात पांढुर्ण्याच्या त्या जिनवाल्या बिजवराला मुलगी द्यायची, असं बापूजीनं मला बजावून ठेवलं होतं. ते गृहस्थ तुला ठाऊक आहेत. पहिल्या बायकोची दोन मुलं, कापसाच्या धुळीनं लागलेला दमा, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. प्रतिभानं हे दाराआडून ऐकलं आणि ती काही बोलली नाही. ही मुलगी प्रत्येक गोष्टीला उत्तर देते, म्हणून मी घाबरले.

पाहण्याच्या कार्यक्रमात मुलानं तिला स्वयंपाक, शिवण, गाणं यांतलं काहीच विचारलं नाही. विचारलं, "जाम नदीला सध्या पाणी किती असतं?" प्रतिभा म्हणाली, "कुठलं विचारता? डोहातलं की उथळातलं?" तो चमच्यातले पोहे तोंडाशी धरून बराच वेळ तसाच बसला. मग नदीची पाहणी उरकली की कळवतो असं सांगून डाक बंगल्यावर गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून नदीत उभा राहू लागला.

गावाला दुसरा उद्योग राहिला नाही. मोहगावच्या बाजाराला निघालेली माणसं बैलगाड्या थांबवून काठावर बसू लागली. आपली दूधवाली पंचफुला रोज सकाळी दुधाबरोबर बातमी घालू लागली. एके दिवशी ती चरवी खाली ठेवून गंभीरपणे म्हणाली, "मोठ्या बाई, तुमचा जवाई मासोळी धरते, उलटीपालटी करून पायते, न् सोडून देते जी!" मी म्हटलं, सोडू दे. तर म्हणते, "सोडू दे काय? चार पोरी पायल्या म्हने त्यानं नागपुरात. त्यायचं बी असंच केलं असन. ज्याले धरून ठेवाची सवयच नाही, तो आपल्या पोरीले काहून ठेवन?"

नलिनी, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आहे. या अनुमानात कुठे कुठे खोट आहे ते मी तिला समजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सौसरानं ते अनुमान मान्य केलं होतं, बापूजी जेवणावरून उठला होता आणि पांढुर्ण्याला निरोप कुणाबरोबर धाडावा याचा विचार करून राहिला होता. (बघ, मीही इथल्यासारखंच बोलू लागले.) तेव्हा मी छत्री घेतली आणि नदीवर गेले.

मुलगा पाण्यात उभा होता. मी काठावरच्या दगडावर बसले आणि परीक्षा घ्यावी तसे प्रश्न विचारले. त्याच्या गळाला गांडूळ नसतं, कोंबड्याची पिसं रेशमानं बांधून केलेली खोटी माशी असते. ती दोरीच्या टोकाशी हवेतून मागे-पुढे झुलवून पाण्यावर अलगद ठेवायची. ही विद्या तो काश्मीरला ट्राउट नावाच्या माशावर शिकला. त्या माशाला बर्फाचं पाणी लागतं. जाममध्ये तो टिकायचा नाही, मे महिन्यात इथल्या पाण्यात डाळ शिजेल. मग इथे कशाला? "मनगट विसरू नये म्हणून," तो म्हणाला. सोडून का देतोस? पाहायला धरतो, खायला नाही, म्हणून. पुढे सरकारनं त्याला वर्षभर विलायतेला पाठवलं होतं. तिथे उत्तरेकडच्या आडबाजूच्या नद्यांत ग्रेलिंग म्हणून एक मासा असतो. पाठीवर उघडलेल्या पंख्यासारखा पर, आणि पाण्यातून काढल्याबरोबर त्याला ओव्यासारखा वास येतो. ओव्याचा! मी विचारलं, भाजलेल्या की कच्च्या? त्यानं डोळे मिटून विचार केला आणि म्हणाला, "चुरडलेल्या पानाचा." उत्तर देण्याआधी थांबणारे विद्यार्थी मी फार थोडे पाहिले आहेत.

मग मी काठी मागितली. (तुला हसू येत असेल तर इथे हसून घे, पुढे वेळ मिळणार नाही.) त्यानं दाखवल्याप्रमाणे मी दोरी मागे टाकली, थांबले, पुढे फेकली. काही तरी जड लागलं. मी जोरानं ओढलं. माझ्या गळाला लागलेला पहिला जीव म्हणजे मध्यप्रदेश सरकारचं मासळी खातं होतं. गळाचा आकडा त्याच्या कोटाच्या कॉलरमागे असा रुतला होता की त्याचा हात पोचेना. तो पाठमोरा उभा राहून म्हणाला, "बाई, दोरी जरा सैल सोडा."

मी म्हटलं, सोडायची पद्धत तुझ्याकडे आहे, आमच्याकडे नाही. चार मुली पाहून सोडल्यास, पाचवीचं काय ते आधी सांग.

 मग तो पाठमोराच बोलला. त्यानं कुणालाच सोडलं नव्हतं. मासळीचं खातं ऐकून चारही घरांनी त्यालाच सोडलं होतं. एका घरी तर तो उठल्यावर त्याची कपबशी तुळशीपाशी नेऊन घासली, आणि ती त्याला खिडकीतून दिसली. "माझा होकार पहिल्याच दिवशी होता," तो म्हणाला. "डोह की उथळ, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण बापूजींचा चेहरा बघितला. म्हटलं, नकार येणारच आहे, तोवर चार दिवस नदी तरी मिळू दे."

मी दोरी सैल सोडली. आकडा काढायला कॉलर थोडी फाडावी लागली, ती मी घरी आणून शिवली.

बापूजीला मी फक्त एवढंच सांगितलं, की तू ज्याच्या उत्तराची वाट पाहतोस तो तुझ्या उत्तराची वाट पाहतो आहे. तो म्हणाला, "अन् लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक काठावर बसून आहेत, त्यांना काही तरी म्हणू दे. त्यानं ताट मागवलं. प्रतिभानं सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, "आत्या, तो ओव्याच्या वासाचा मासा ते मला दाखवणार असतील का?" मी म्हटलं, विलायत लांब आहे. ती म्हणाली, "त्यांची भोपाळची कचेरी तरी कुठे जवळ आहे?" याला मी होकार धरला.

तेव्हा तुझ्या तारेचं उत्तर: हो. मुलाच्या आईला आजच जाऊन सांग. गुडघा दुखत असेल तर टांगा कर.

तुझी,
अंबाताई

ता. क. मुलाला भोपाळहून बोलावणं आलं, तो घाईनं गेला. सामान आईकडे पोचवायला सांगून गेला आहे. गळाची काठी मात्र मी लग्न लागेपर्यंत तारण म्हणून ठेवून घेतली. बापूजीला ही खबरदारी फार आवडली.

ता. क. सीताबर्डीवर बारीक आकडे मिळतात का ते बघ. अगदी बारीक हवेत. पिवळं रेशीमही पाठव. पिसांची सोय पंचफुलेच्या कोंबड्याकडून झाली आहे, ते तिला अजून ठाऊक नाही. मी अद्याप एकही मासा धरलेला नाही, त्यामुळे घराच्या आचाराला बाध येत नाही.

ता. क. हे पत्र खरं म्हणजे यासाठी: मुहूर्त माघातला धरू नकोस. फाल्गुनातलाही नको. गुरुजींना वैशाखातला काढायला सांग. प्रतिभा घाई करेल, तिचं ऐकू नकोस. वैशाखात नदी आटते, तेव्हा काठी परत करायला माझी काही हरकत राहणार नाही.

बागेवरचा माणूस गुणवंता याच्याबरोबर दिलं ते असं: हे पत्र. प्रतिभाची पत्रिका. संत्र्यांची एक करंडी, वरची तुझ्यासाठी, खालची विहीणबाईंसाठी. रबरी बूट, धुऊन. कोट, कॉलर शिवून. कातड्याची नळी, आत ओव्याची पुरचुंडी. काठी दिलेली नाही.