चौकटीत राहिलेला हात

प्रिय सुमनताई,

सवतीला पत्र लिहिणारी अख्ख्या बालाघाटात मी पहिलीच असेन. आणि तेही वीस वर्षांपूर्वी गेलेल्या सवतीला! पण काल दुपारी मी तुम्हाला फोटोतून कापून टाकलं आणि वर एक खोटंही बोलले. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास गिळवत नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या वर्षाचं लग्न आठ दिवसांवर आलंय. (पाहा, 'आपल्या' लिहिताना पेन अडखळलं.) अल्बमच्या पहिल्या पानावर तिला स्वतःचा लहानपणचा फोटो हवा होता. आपल्या दोघींच्या नवऱ्यानं पेटीतून एकच काढून दिला. लालबर्र्याला तुमच्या माहेरच्या अंगणात तुम्ही बाजेवर बसलेल्या, मांडीवर सहा महिन्यांची वर्षा. "स्कॅन करून मोठा कर," म्हणाले आणि एका लग्नाच्या शूटिंगला निघून गेले.

तुम्हाला ठाऊक नसेल, यांच्या फोटो स्टुडिओत आता कॉम्प्युटर आलाय. तुमच्या वेळी हे पट्टी आणि ब्लेड घेऊन बसायचे. आता माऊसनं चौकट ओढायची, एंटर दाबलं की चौकटीबाहेरचं सगळं नाहीसं. मला यांनीच शिकवलं. आधी ठरव, फोटो कोणाचा आहे. डोक्यावर थोडी जागा ठेव. माणूस जिकडे बघतो तिकडे जास्त ठेव. आणि हात कधी सांध्यावर कापू नको, मनगटावर कापला की तुटल्यासारखा दिसतो.

मी ठरवलं, फोटो वर्षाचा आहे. मग त्यात तुमचं काय काम?

खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटतो. दुसरेपणाची म्हणून गळ्यात मंगळसूत्राबरोबर तुमच्या नावाचा चांदीचा टाक घालूनच मला या घरात आणलं. मंगळसूत्रसुद्धा एकटीचं मिळालं नाही! अविधवा नवमीला सवाष्ण जेवते तुमच्या नावानं, रांधते मी. भाजी जरा खारट झाली की सासूबाई म्हणायच्या, "सुमन असं नव्हती करत." भिंतीवर तुम्ही अजून बावीसच्याच, आणि मी चष्मा लावून तुमच्या काचेवरची धूळ पुसते. मेलेल्या माणसाशी भांडावं तरी कसं, ताई? एकदा तरी चुकल्या असाल ना तुम्ही!

तर मी चौकट आत ओढत गेले. आधी तुमचं डोकं गेलं, मग खांदा, मग पदर. पण हात जाईना. पोरीच्या पोटावर तुमची चार बोटं घट्ट रुतलेली. ती काढायची तर पोरीचं पोटच कापावं लागत होतं. शेवटी हिरव्या बांगड्या बाहेर ठेवल्या, रेघ मनगटावर आणली आणि एंटर दाबलं.

प्रिंट पाहून वर्षा नाचलीच. "मम्मी, ये तेरा हाथ है ना? किती घट्ट धरून राह्यली तू मले!"

मी या घरात आले तेव्हा ती दीड वर्षाची होती. फोटोतली सहा महिन्यांची. भिंतीवरची आई तिला ठाऊक आहे, पण फोटोतलं वय तिला काय कळणार? मला कळत होतं. तरी तोंडातून गेलं, "हौ."

तिनं मला मिठी मारली. कॉलेजात जायला लागल्यापासून पोर अशी बिलगली नव्हती. चोरीचा एवढा आनंद होतो, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी यांनी प्रिंट हातात घेतली. "मनगटावर काहून काटला? तुले किती डाव सांगतलं..." आणि थांबले. फोटो उजेडाकडे धरला. "हा तं सुमनचा हात हाय."

बस, एवढंच. उठून शटर पाडायला गेले.

चार बोटं, ताई! चेहरा नाही, बांगड्या नाहीत, आणि वीस वर्षांनी माणसानं ओळखलं! माझा हात रोज यांच्या ताटात पोळी वाढतो. तो कापून असा समोर ठेवला तर ओळखतील का? मी विचारलं नाही. खरं उत्तर आलं असतं.

आज सकाळपासून तुमचा पूर्ण फोटो उघडून बसलेय. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघतच नाही आहात. पोरगी मांडीवरून घसरेल म्हणून तिच्याकडेच बघताय, घाबरून. तिला धरायला आता चारच महिने उरलेत, हे तुम्हाला कुठं माहीत होतं? पुढचं सगळं मी धरलं. गोवरात धरलं, सायकल शिकताना धरलं, दहावीला नापास झाली तेव्हा धरलं. पण त्यातला एकही फोटो नाही. फोटोवाल्याची बायको असून माझ्या हातात पोर असलेला एक फोटो नाही या घरात! म्हणून तुमचा हात घेतला. चुकले.

ती बाजारातून आली की पूर्ण फोटो तिच्यापुढे ठेवीन, तुमच्या डोक्यावर भरपूर जागा सोडून. सांगीन, हा हात तुझ्या आईचा, मी खोटं बोलले. रागावली तर रागावू दे. अल्बमचं पहिलं पान तुम्हा दोघींचं, हे वचन देते.

पण हळदीच्या दिवशी तिच्या गालाला पहिला हात माझा लागेल. तिथून मी सरकणार नाही, ताई.

तुमची धाकटी,
शालू