तीर्थाचा घोट

अणदूर,
फाल्गुन, १९४९

प्रिय नूरुन्निसा,

तू हैदराबादला आयुबभाईंकडे सुखरूप आहेस, हे परवा तुमच्या जळकोटच्या शेजारणीकडून, मथुराबाईंकडून कळलं. हातातलं जोंधळ्याचं सूप खाली ठेवलं आणि मी बसूनच घेतलं. गेल्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि तुमच्या लोकांची घरं लुटली गेली, त्या धामधुमीनंतर तुझी काहीच खबर नव्हती. कुणाला विचारायचं, आणि विचारलं तर काय ऐकावं लागेल, या भीतीनं मी विचारतही नव्हते. मथुराबाईंनी तुमच्या दाराला स्वतःचं कुलूप घातलंय. आत काय उरलंय ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

इकडं सगळं ठीक आहे. माझी महादेवी शाळेत जाते आणि मास्तरांनाच उलट प्रश्न विचारते. मल्लिनाथ भाऊजींचं दुकान चालू आहे. डॉक्टरांवरच्या आमच्या दाव्याचं काय झालं म्हणशील, तर काहीच नाही. निकाल आपल्या बाजूनं लागला तेव्हा तू होतीसच. डॉक्टरांनी वर अपील केलं, तारखा पडत गेल्या, आणि मग राज्यच बदललं. भाऊजी म्हणतात, "वहिनी, आता निजामच न्हाय, तर त्याच्या अदालतीला कुठं हुडकू?" आधी ते चिडून म्हणायचे, हल्ली हसून म्हणतात.

पण दावा भाऊजींचा होता. मला त्यातून जे हवं होतं ते तू देऊन गेलीस. ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू त्या दवाखान्यात नर्स होतीस आणि मी तिथं दगावलेल्या माणसाची बायको. आपण मोकळेपणानं बोलणार तरी कधी?

यांचं अंतर्गळाचं ऑपरेशन होतं, त्या सकाळी पोटात काही जाऊ द्यायचं नाही असं तूच बजावलं होतंस. पण आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, राहवेना. त्यांनी पहाटे जंगम स्वामींना बोलावलं, त्यांची पादपूजा केली आणि त्या पाण्याचा एक घोट स्वतःच्या हातानं मुलाला पाजला. आम्हां लिंगायतांत एवढं मोठं काम तीर्थाशिवाय कुणी करत नाही. मी शेजारीच उभी होते, मलाही ते अन्न वाटलं नाही. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सकाळी याच्या पोटात काही तरी गेलंय, त्यानंच घात झाला."  आत्याबाईंनी फक्त स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं.

पुढची दोन वर्षं आमच्या घरात काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. आत्याबाई रोज लिंगपूजा करायच्या, पण तीर्थ ओठाला लावायच्या नाहीत. स्वामी दारात आले की परसात जाऊन उभ्या राहायच्या. महादेवी लहान होती, "आजी, भरव" म्हणून मागं लागायची. त्या माझ्याकडं बोट दाखवायच्या. "माझ्या हातचं नको गं बाळा." मी किती वेळा म्हटलं, आत्याबाई, एका घोटानं कुणी जात नाही. त्यावर एकच उत्तर, "तू काय डॉक्टर हाईस व्हय?"

म्हणून तुझ्या साक्षीच्या दिवशी मी त्यांना धाराशिवला हट्टानं नेलं. तू उर्दूत सांगत होतीस आणि आमचे वकील हळू आवाजात आम्हांला समजावत होते. लढाईमुळं बाटल्या मिळेनात, म्हणून जागा बधिर करायचं इंजेक्शन आणि नुसतं वरून लावायचं जहाल औषध एकसारख्या बाटल्यांत भरून ठेवत. डॉक्टरांनी एक मागितलं, हातात दुसरं आलं, त्यांनी न बघताच टोचलं. आणि मग तू म्हणालीस, बाटली त्यांच्या हातात देणारी मीच होते, मीही पाहिलं नाही. हे कुणी विचारलंही नव्हतं. तुझी नोकरी तिथंच गेली.

आत्याबाईंना मात्र त्यातलं निम्मंच कळलं. त्या वकिलांचा कोट ओढून विचारत होत्या, "पण तीर्थाचं काय?" ते तुझ्या कानावर गेलं. तू मुन्सिफसाहेबांकडं पाठ केलीस आणि आपल्या बोलीत म्हणालीस, "अम्मा, तीर्थानं काही झालं न्हाय. तुमच्या हातानं काही झालं न्हाय." साहेबांनी टेबल ठोकलं. आत्याबाई उभ्या राहिल्या आणि भर अदालतीत म्हणाल्या, "परत सांग." तू परत सांगितलंस. त्या वेळी तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि डॉक्टरांचे वकील काहीबाही ओरडत होते.

बाहेर आल्यावर, अदालतीच्या आवारातच, त्यांनी शिदोरीची शेंगापोळी सोडली, तुकडा मोडला आणि महादेवीच्या तोंडात घातला. पोरगी दचकलीच. मग तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "आजी, अजून." नूरुन्निसा, माझा नवरा काही परत आला नाही, पण त्या दिवशी मला माझं घर परत मिळालं.

आता पत्राचं कारण. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. सोलापूरचे डॉक्टर चैत्रात ऑपरेशन करायला तयार आहेत, पण आत्याबाईच खाटेवर चढायला तयार नाहीत. "ती जळकोटची पोरगी बाटली हातात घेऊन बघंल, तरच निजते. न्हाय तर आंधळीच बरी." मी म्हटलं, बाटली न बघता देणारीही तीच होती. तर म्हणाल्या, "म्हणून तर तीच. ती आता जलमभर बघितल्याबिगर देणार न्हाय." डॉक्टर भले आहेत, नर्सला जवळ उभं राहू देतो म्हणाले. त्यांनी विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण लागतात?" आत्याबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "ते ती आल्यावर तिलाच इचारते." अणदूर-जळकोटकडं पाऊल टाकायची आत्ता तुझी छाती होणार नाही, ते मला समजतं. नुसती सोलापूरपर्यंत ये. स्टेशनावर भाऊजी येतील आणि मीही येईन. गाडीचा दिवस तेवढा कळव. तू येणार, असं मी आत्याबाईंना तुला न विचारताच सांगून टाकलंय.

तुझीच,
शिवकांता