पार्किंगमधला घाट

शुक्रवार, संध्याकाळ

भाड्याच्या गाडीवाल्यांचा मेल पुन्हा आला. ऑस्ट्रियातून गाडी इटलीत नेणार का, आणि दुसरा चालक कोण? दुसरी मीच. पहिला अनिल, माझा नवरा; त्याला जाऊन दोन महिने झाले. वाटेत आल्प्सचे घाट लागणार, पण इथे कुवेतमध्ये घाट कुठून आणायचा? म्हणून तो मला आमच्या हॉस्पिटलच्या चार मजली पार्किंगमध्ये चढ-उतार शिकवायचा. प्रत्येक वळणावर म्हणायचा, "हॉर्न दे, समोरून एसटी येईल." मी हसायचे.

लेक म्हणते, "आई, जस्ट कॅन्सल इट." करू का?

आज ड्यूटी संपल्यावर एकटीनेच गाडी वर चढवली. इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून पार्किंग रिकामं, तरी प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. चौथ्या मजल्यावर थांबून उत्तर लिहिलं: हो, इटलीत नेणार. चालक एकच.